दसरा काढताना

आषाढ लागला की घरातल्या टॉवेलला वास येऊ लागतो. कुबट, आंबूस. टॉवेल धुतलेला असतो, दोरीवरून काढून घडीही घातलेली असते, पण तोंड पुसायला घेतला की वास हजर. मग पुढच्या धुण्यात साबण जास्त पडतो, वर झाकणभर अँटिसेप्टिक आणि शेवटी सुवासिक सॉफ्टनर. या वासाचं मूळ जपानी संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिलं. मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू धुतलेल्या कापडातही टिकून राहतो आणि कापड ओलं असेपर्यंत वाढत जातो. वास येतो तो त्यानं तयार केलेल्या आम्लाचा. म्हणजे टॉवेल बिघडतो तो धुण्याच्या बादलीत नाही, दोरीवर. माझं म्हणणं एवढंच आहे की कपडा निर्जंतुक करण्याचं अर्धं काम धुण्यात असतं आणि अर्धं वाळवण्यात. यातलं दुसरं अर्धं आपण सोडून दिलं आहे, आणि ती उणीव बाटल्यांनी भरून काढू पाहतो आहोत.

हे आपल्याकडे ठाऊक नव्हतं असं नाही. घट बसण्याआधी गावोगाव ‘दसरा काढतात’. घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण, वाकळा, गोधड्या नदीवर नाहीतर विहिरीवर जातात. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. दोघी जणी दोन टोकं धरून उलटसुलट पीळ घालतात आणि मग ती खडकावर, झुडपांवर, बांधावर पसरली जाते. दुपारी ती उलटायची असते. वरचं लुगडं खडखडीत वाळलं तरी आतले थर दमट राहतात, म्हणून टाक्यांच्या ओळींवरून तळहात दाबून पाहावं लागतं. थंड लागलं तर अजून ओल आहे. आणि दिवस कोणते निवडले आहेत तेही पाहा: पाऊस ओसरलेला, नदीला पाणी भरपूर, वर ऑक्टोबरचं कडक ऊन. नाव सणाचं असलं तरी हा मुहूर्त उन्हाचाच आहे.

इथे १८९७ चं पुणं मध्येच आठवतं, आणि ते या चित्रात नीट बसत नाही. प्लेगच्या तपासणीत गोऱ्या सोजिरांनी घरांतलं सामान रस्त्यावर आणलं, घरं जंतुनाशकांनी धुऊन काढली, कपडे-अंथरुणं जाळली. पुढच्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमों यांनी प्लेग उंदरावरच्या पिसवांमार्फत पसरतो हे दाखवून दिलं. अंथरुणात पिसवा असूही शकत होत्या; पण मूळ उंदरांत होतं, आणि जळत होत्या गोधड्या. त्या गोधड्यांसाठी आजही जीव तुटतो. आजी, आई, मावशी यांची विरलेली लुगडी एकावर एक शिवून केलेली घराची ऊब ती. शत्रू कुठे राहतो आणि कशानं मरतो हे न कळता केलेली कारवाई कितीही कडक असली तरी वाया जाते. खरजेचा किडा अंगापासून सुटला की साधारण तीन दिवसांत मरतो. म्हणून जो कपडा गरम पाण्यात घालता येत नाही, तो आठवडाभर पिशवीत घट्ट बांधून ठेवला तरी काम होतं. गजकर्णाच्या बुरशीचं तसं नाही. तिचे बीजाणू कापडात दीर्घकाळ तग धरतात. ४० अंशांच्या पाण्यावर भरवसा ठेवता येत नाही, ६० अंश लागतात. औषधांना दाद न देणारं गजकर्ण आज देशभर वाढलेलं असताना रुग्णाचे कपडे घरच्या धुण्यात तसेच मिसळणं बरं नव्हे.

कुणी म्हणेल, ऊन म्हणजे काही औषध नव्हे. बरोबर आहे. सूर्यप्रकाशानं जिवाणू मरतात हे डाउन्स आणि ब्लंट यांनी १८७७ मध्येच दाखवलं होतं, पण टॉवेलमधला तो मोरॅक्सेला ऊन आणि कोरडेपणा दोन्ही बऱ्यापैकी सोसतो. वाळवल्यानं त्याची वाढ थांबते. तो मरायला कढत पाणीच हवं. आपली बरीच यंत्रं नळाचं थंड पाणीच घेतात, तेव्हा टॉवेल, आतले कपडे आणि आजाऱ्याच्या चादरी यांच्यासाठी पाणी वेगळं तापवावं. ब्लीच फक्त पांढऱ्या सुती कपड्यांना; रेशीम आणि लोकर त्यात अक्षरशः विरघळतात. आणि ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही, चुकूनही मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू सुटतो. सॉफ्टनरनं तर टॉवेलवर मेणचट थर बसतो, पाणी टिपलं जात नाही. सुवास आणि स्वच्छता यांची गल्लत आपण फार दिवस केली.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: जागा कुठे आहे? दोन खोल्यांच्या घरात, पंख्याखाली, स्वयंपाकघराच्या दारात कपडे लटकतात. तिसऱ्या दिवशीही ओलेच. गॅलरीत घालावेत तर इमारतीची शोभा जाते म्हणून मनाई, आणि गच्चीला कुलूप. हा नियम मला कधीच पटलेला नाही. इमारतीच्या माथ्यावर दिवसभर ऊन पडून वाया जातं आणि तिच्याच पोटात लहान मुलांचे कपडे दमट राहतात. गळती, सुरक्षितता, भांडणं ही सगळी कारणं मान्य करूनही म्हणावंसं वाटतं की यावर वार ठरवून, पाळी लावून, कठड्याची उंची वाढवून मार्ग काढता येतो. पावसात उघडीप मिळते ती दोन-चार तासांची, आणि तेवढ्यात किल्ली शोधत बसायची वेळ येते. सोसायट्यांच्या समित्यांना विनंती आहे: यंदा घट बसण्याआधी गच्चीचं कुलूप काढा आणि चार दोऱ्या बांधून द्या.