खाडीवरचे कच्छी पाहुणे

मुलुंडहून ऐरोलीला जाणारा पूल रोज हजारो माणसे ओलांडतात. कोणी कामावर निघालेले असते, कोणी घरी परतत असते. पुलाखालचे करडे, संथ पाणी थांबून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. ओहोटी लागली की त्या पाण्यातून काळसर चिखलाचे विस्तीर्ण पट्टे वर येतात. हिवाळ्यापासून मेअखेरपर्यंत त्या चिखलाच्या कडेला दूरवर एक फिकट गुलाबी रेघ दिसते. दुर्बीण लावली म्हणजे त्या रेघेचे पाय दिसू लागतात, माना दिसू लागतात आणि ती रेघ नसून हजारो पक्ष्यांची पंगत आहे हे ध्यानी येते. इंग्रजीत त्यांना फ्लेमिंगो म्हणतात. मराठीत त्यांची नावे रोहित आणि अग्निपंख. कच्छच्या वृद्धांना विचारले तर ते ‘हंज’ म्हणतील.

ठाण्याची खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. तिच्या पश्चिम काठावर मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर ही उपनगरे आणि त्यांच्या कडेची जुनी मिठागरे आहेत. पूर्व काठावर ऐरोलीपासून वाशीपर्यंतची नवी मुंबई. दोन महानगरांच्या मधल्या या पट्ट्यातील सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०१५ मध्ये ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून घोषित केले. त्यात सुमारे ८९६ हेक्टर कांदळवन आहे आणि उरलेले खाडीचे पाणी. १९८७ मधील मालवण सागरी अभयारण्यानंतरचे हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य होय. २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. कोट्यवधींच्या वस्तीला खेटून असे स्थान असणे हे जगातही दुर्मीळच.

अभयारण्य पाहण्याची सोपी वाट ऐरोलीहून जाते. दिवा कोळीवाड्याजवळ वनविभागाच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तेथे खाडीतील जीवसृष्टीची माहिती देणारी दालने आहेत आणि तेथूनच मार्गदर्शकासह नौकाफेरी निघते. या फेरीचे वेळापत्रक मात्र घड्याळ ठरवत नाही, भरती-ओहोटी ठरवते. नाव तरायला पाणी हवे आणि पक्षी दिसायला चिखल हवा. भर भरतीला चिखल बुडतो आणि पक्षी उठून जातात. पूर्ण ओहोटीला नावच रुतते. या दोहोंमधला जो मोजका काळ, तोच दर्शनाचा काळ. तो रोज पुढे सरकतो. म्हणून येथे आगाऊ नोंदणी करावी लागते आणि दिलेल्या वेळेला हजर राहावे लागते. चंद्राच्या चालीवर बांधलेल्या या वेळापत्रकात उशिरा आलेल्याला सवलत नाही.

फेब्रुवारीतील एका सकाळी मुलुंड-घाटकोपरकडील वीस-बावीस जणांचा एक गट अशाच फेरीला निघाला. त्यात बहुतेक ज्येष्ठ होते, सोबत तीन-चार नातवंडे. जीवरक्षक जाकिटे अंगावर चढवताना झालेली हसाहस नाव सुटताच ओसरली. दोन्ही बाजूंनी तिवरांची दाट भिंत सुरू झाली. सोबतचा तरुण मार्गदर्शक कोळीवाड्यातलाच होता. त्याने तिवराचे एक पान चाटून पाहायला सुचवले आणि ते खारट लागले तेव्हा मुलांना नवल वाटले. मुळांवाटे आलेले मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. चिखलात प्राणवायू मिळत नाही म्हणून त्याची मुळे पेन्सिलींसारखी जमिनीबाहेर उभी राहून श्वास घेतात. पुढे गोल फळांची चिपी दिसली. तिच्यातील पांढऱ्या चिपीला २०२० मध्ये राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला आहे. या झाडांच्या मुळांत माशांची आणि कोळंबीची पिले वाढतात आणि भरतीच्या लाटांचा जोर तेथेच मोडतो.

एक वळण घेऊन नाव मोकळ्या पाण्यात आली तेव्हा चालकाने इंजिन मंद केले. समोर, साधारण क्रिकेटच्या दोन मैदानांइतक्या अंतरावर, रोहितांचा थवा चरत होता. नावेत आपसूक शांतता पसरली.

येथे दोन जातींचे रोहित येतात. मोठा रोहित उंचीला चार फुटांच्या पुढे जातो. त्याचे अंग पांढरट, चोच गुलाबी आणि चोचीचे टोक काळे. लहान रोहित सुमारे तीन फुटांचा, पण रंगाने अधिक गडद आणि त्याची चोच काळपट लाल. ठाणे खाडीत लहान रोहितांची संख्या फार मोठी आहे. चरताना हा पक्षी मान खाली सोडून डोके उलटे करतो, त्यामुळे वरची चोच खाली जाते. जीभ पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे पाणी आत ओढते आणि बाहेर लोटते. चोचीच्या कडेला असलेल्या बारीक दातऱ्यांच्या गाळणीत अन्न अडकते. मोठा रोहित पाण्यातले लहान जीव टिपतो, तर लहान रोहिताचा मुख्य आहार म्हणजे डोळ्यांना न दिसणारे निळे-हिरवे शेवाळ. त्यांच्या पिसांचा रंगही अन्नातूनच येतो. पिलू जन्मते तेव्हा करडे असते. गुलाबी व्हायला त्याला काही वर्षे लागतात.

गटातील एका आजींनी पिशवीतून ज्वारीची पुडी काढली. सकाळी दाणे टाकण्याचा त्यांचा अनेक वर्षांचा नेम होता आणि इतक्या लांबून आलेल्या पक्ष्यांना रिकाम्या हाताने भेटायचे त्यांना योग्य वाटले नव्हते.

“आजी, हे पक्षी दाणा खात नाहीत,” मार्गदर्शक अदबीने म्हणाला. “त्यांची चोच त्यासाठी बनलेलीच नाही.”

“मग यांना काय द्यायचं?”

“काही द्यायचं नाही. हा चिखल आहे ना, तोच त्यांचा दाणा. तो राहिला म्हणजे झालं.”

तेवढ्यात नावेभोवती कुरव पक्षी घिरट्या घालू लागले. अशा वेळी शेव-गाठी उधळून त्यांना जवळ बोलावण्याची हौस मुंबईच्या किनाऱ्यावर सर्रास दिसते. तळलेले आणि मिठाचे ते पदार्थ या पक्ष्यांच्या प्रकृतीला अपायकारक आहेत आणि वनविभागही तसे न करण्यास सांगतो. आजींनी पुडी पुन्हा पिशवीत ठेवली. काही वेळाने नातवाला त्या हळूच म्हणाल्या, “आपण गप्प बसू या. तेवढंच आपल्याकडून.”

या पक्ष्यांचे माहेर कोणते, हे समजल्यावर नावेतील अनेकांचे चेहरे खुलले. ठाण्याच्या खाडीत रोहित घरटी बांधत नाहीत. येथे ते केवळ चरायला आणि राहायला येतात. भारतातील त्यांची प्रसिद्ध वीण कच्छच्या रणात होते. पावसाळ्यानंतर रणात पुरेसे पाणी साचले, तर चिखलाचे उंचवटे रचून ते त्यावर एकेकच अंडे घालतात. नर आणि मादी दोघेही ते उबवतात. हंज बेट किंवा ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या जागी १९४५ साली डॉ. सलीम अली यांनी जाऊन अभ्यास केला आणि तेथे लाखो पक्षी असल्याचे नोंदवले. २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने येथील सहा रोहितांना उपग्रहाद्वारे माग काढणारी लहान यंत्रे बसवली. त्यांना सलीम, हुमायून अशी पूर्वसूरींची नावे दिली आणि एकाचे नाव ‘नवी मुंबई’ ठेवले. त्यातून या खाडीचा आणि गुजरातच्या किनाऱ्याचा संबंध नकाशावर रेखता आला.

मुलुंड-घाटकोपरच्या कितीतरी घरांचाही हाच नकाशा आहे. कच्छमधील दुष्काळांना कंटाळून, व्यापाराच्या आशेने पूर्वज मुंबईस आले. भातबाजारात, दुकानांत, पुढे उपनगरांत स्थिरावले आणि गाव मनात ठेवून राहिले. रोहितही अन्नाच्या शोधात आले आणि जन्मभूमी कच्छमध्येच ठेवून राहिले. चातुर्मास लागतो, साधू-साध्वींचा विहार थांबतो, तोवर या पक्ष्यांचा विहार उत्तरेकडे सुरू झालेला असतो.

मुंबईत ते मोठ्या संख्येने दिसू लागले १९९०च्या दशकात, प्रथम शिवडीच्या चिखलावर. अलीकडच्या हंगामांत त्यांची संख्या लाखाच्या पुढे गेल्याचे अंदाज आहेत. ते का आले, याचे जे उत्तर अभ्यासक देतात ते थोडे अडचणीचे आहे. दोन्ही काठांवरच्या वस्त्यांचे सांडपाणी खाडीत येते. त्यातील नत्र आणि स्फुरद यांच्यावर शेवाळ पोसते आणि शेवाळावर लहान रोहित. म्हणजे या सौंदर्याच्या खात्यावर काही रक्कम आपल्या मलिनतेने जमा केली आहे. पण त्याच पाण्यातून कारखान्यांची रसायने आणि प्लास्टिकही येते आणि ती बाजू कोणत्याही जिवाच्या हिताची नाही. खाडीत कोळ्यांच्या जाळ्यात पूर्वीसारखी मासळी येत नाही, ही काठावरची सार्वत्रिक तक्रार आहे. एका पक्ष्याची भरभराट पाहून सगळा ताळेबंद नफ्याचा मानता येत नाही.

दुसरी अडचण जागेची आहे. भरती आली की चिखल बुडतो आणि तेवढे काही तास पक्ष्यांना टेकायला उथळ तळी लागतात. भांडुप उदंचन केंद्राचा परिसर आणि नेरूळची तळी ही अशी विसाव्याची ठिकाणे आहेत. २०२० च्या टाळेबंदीत नेरूळच्या गुलाबी तळ्यांची छायाचित्रे जगभर पाहिली गेली. त्याच नेरूळमधील एका तळ्याचे भरतीचे पाणी अडल्याने तेथील तळ सुकला आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये काही रोहित मृत्युमुखी पडले. अभयारण्याच्या रेषेच्या आत चिखल राखला, पण रेषेबाहेरची तळी गेली, तर पक्ष्याचा दिवस अर्धाच उरतो.

आणि २० मे २०२४ ची रात्र घाटकोपरकर विसरलेले नाहीत. दुबईहून येणारे एक विमान उतरण्याच्या तयारीत असताना पंतनगरच्या लक्ष्मीनगर भागावर रोहितांच्या थव्याला धडकले. विमान सुखरूप उतरले. खाली गल्ल्यांत, इमारतींच्या आवारात, रस्त्याच्या कडेला गुलाबी पंखांचे देह विखुरले. एकूण ३९ रोहित गेले. वनविभागाच्या लोकांनी आणि स्वयंसेवकांनी ते रात्रीच गोळा केले. मे महिना हा त्यांच्या निघण्याचा हंगाम असतो आणि हे पक्षी लांबचा प्रवास प्रायः रात्री करतात. एरवी ते आपल्या छपरांवरून जातात आणि आपल्याला कळतही नाही. त्या रात्री कळले.

विमाने थांबणार नाहीत, शहरही थांबणार नाही. तरी राखण्यासारखे बरेच उरते. फ्रान्सच्या कामार्ग प्रदेशात मोठ्या रोहितांना विणीसाठी सुरक्षित जागा उरली नव्हती. तेव्हा १९७० साली तेथील मिठागराच्या पाण्यात माणसांनी एक मातीचे बेट रचले. पक्षी लगेच आले नाहीत. १९७४ पासून ते तेथे वीण करू लागले आणि ती जागा अनेक दशके त्यांची झाली. बेट बांधणाऱ्यांनी त्यानंतर सर्वांत कसोशीने पाळलेले काम म्हणजे त्याच्यापासून दूर राहणे. भांडुप-मुलुंडच्या मिठागरांकडे पाहताना ही गोष्ट आठवावी.

जीवदयेचा अर्थ आपल्या घरांत बहुधा देण्याशी जोडलेला असतो. दाणा द्यावा, पाणी ठेवावे, जखमी जिवाला उपचार मिळवून द्यावेत. हे सारे पुण्यकर्मच. परंतु ‘जयणा’ या शब्दात आणखी एक सूचना आहे. चालताना, बसताना, बोलताना आपल्यामुळे कोणाला बाधा होऊ नये, याची सावधानता. रोहितांपुढे उभे राहिल्यावर या दुसऱ्या अर्थाची कसोटी लागते, कारण माणसाच्या हातून घ्यावे असे त्यांना काहीच नको आहे. कांदळवनात भराव पडत असेल तर त्याची तक्रार करणे, निर्माल्य आणि प्लास्टिक खाडीत न सोडणे, नावेत आवाज आवरणे, थवा उडताना छान दिसतो म्हणून त्याला मुद्दाम न उडवणे, छायाचित्रासाठी ‘अजून थोडे जवळ’ असा आग्रह न धरणे, एवढीच त्यांची सेवा.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी नोव्हेंबर ते मे हा काळ धरावा. जानेवारीनंतर पक्षी अधिक दिसतात. मुलुंड स्थानकाहून पुलावरून आणि ट्रान्स-हार्बर मार्गाने ऐरोली स्थानकाहून केंद्रावर पोहोचता येते. नोंदणी आधी करावी, मातकट रंगाचे कपडे घालावेत, टोपी, पाण्याची बाटली आणि दुर्बीण जवळ ठेवावी. ज्यांना नावेत चढणे जमणार नाही, त्यांना केंद्रातील दालनेही पुष्कळ काही सांगतात. नातवंडांना आवर्जून न्यावे. घरात कोणी कच्छी बोलणारे वडीलधारे असतील तर त्यांनाही सोबत घ्यावे. हंज हा शब्द मुलांनी त्यांच्या तोंडून ऐकावा.