सुगंधाची साक्ष

मनुष्याच्या पांच ज्ञानेंद्रियांत नाकाइतकी उपेक्षा दुसऱ्या कोणाच्या वांट्यास आली नसेल. अब्रूचा प्रश्न निघाला म्हणजे आम्ही तें पुढें करतों. ज्ञानाचा निघाला म्हणजे मात्र डोळे आणि कान यांचीच साक्ष ग्राह्य धरतों. आतां सुगंधाच्या बाबतींतही नाकास कोणी विचारीत नाहीं, अशी आमच्या परिचयाच्या एका वृद्ध अत्तरविक्रेत्यांची तक्रार आहे. "प्रोफेसरसाहेब, गिऱ्हाईक आधीं कागद मागतें, फाया नाकाशीं न्यावा हें कोणाला सुचतच नाहीं," असें ते परवां म्हणाले.

हा कागद म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीचा आलेख. मिखाइल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञांनीं पानांतील रंगद्रव्यें भुकटीच्या नळींतून गाळून त्यांचे निरनिराळे पट्टे पाडले आणि १९०६ सालीं या रीतीस 'रंगलेखन' अशा अर्थाचें नांव दिलें. द्रवाऐवजीं वायूचा प्रवाह वापरावा, ही सूचना मार्टिन आणि सिंज यांनीं १९४१ सालीं केली. ती प्रत्यक्षांत उतरावयास १९५२ साल उजाडलें, आणि तेंही काम मार्टिन यांनाच जेम्स यांच्या साह्यानें करावें लागलें.

युक्ति साधी आहे. तेलाच्या अल्पशा अंशाची वाफ करून ती हेलियमबरोबर केंसासारख्या बारीक, साधारण तीस मीटर लांबीच्या नळींतून धाडावयाची. नळीस आंतून लेप असतो. घरची मंडळी एकदम तुळशीबागेंत शिरली, तरी कोणी बांगड्यांपाशीं रेंगाळतें, कोणी सरळ चालतें, तसेंच येथें. जें तें द्रव्य आपल्या वेळीं बाहेर पडतें आणि कागदावर एकेक शिखर उमटतें.

या कागदाचा राग मानण्याचें कारण नाहीं. लव्हेंडरच्या अस्सल तेलांतील लिनॅलूलचे रेणू बहुतेक सर्व एकाच हाताचे असतात; कारखान्यांतील स्वस्त लिनॅलूलांत सामान्यतः डावे-उजवे सारखेच. अशी भेसळ भल्याभल्या नाकांस चकविते. योग्य लेपाची नळी मात्र डावेउजवे निवडून दाखविते. प्रामाणिक व्यापाऱ्यास याहून चांगला साक्षीदार कोठें मिळणार?

परंतु शिखराची उंची म्हणजे सुगंधाची थोरवी नव्हे. गुलाबतेलाच्या आलेखांत सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल यांचीं शिखरें डोळ्यांत भरतात. बीटा-डॅमॅसेनोन हें द्रव्य त्यांत शेंकडा अर्ध्याहूनही कमी. १९७० सालीं बल्गेरियन गुलाबतेलांत तें सांपडलें, आणि गुलाबाच्या गुलाबपणांत त्याचा वांटा फार मोठा असल्याचें दिसून आलें. मोगऱ्यांतील इंडोल एकटें आणि दाट हुंगल्यास नाकास रुमाल लावावा लागतो. मोगऱ्यांत मात्र त्याच्यावांचून चालत नाहीं. म्हणूनच कित्येक प्रयोगशाळांत नळीच्या शेवटीं एक फांटा काढून तेथें माणसास हुंगावयास बसवितात. यंत्र शिखर रेखाटतें, माणूस वास सांगतो.

आमच्या वृद्ध स्नेह्यांचा नातू हल्लीं दुकानांत बसतो. त्यास कागद वाचावयास आम्ही शिकवूं, असें आम्ही त्यांस सांगितलें आहे. फाया ओळखावयास शिकविणें मात्र त्यांच्याच हातीं आहे, आणि तें काम त्यांचें नाक शाबूत आहे तोंच झालें पाहिजे.