दारापुढची फरशी

आमच्या घराचा ओटा संपतो आणि डांबरी रस्ता सुरू होतो, त्यांच्यामध्ये चार फूट रुंदीचा शहाबादी फरशीचा एक पट्टा आहे. वडिलांनी घर बांधले त्याच वर्षी तो घातला. पहाटे ती फरशी धुऊन तिच्यावर रांगोळी घालण्याचा आईचा नेम ऐंशीव्या वर्षीही चुकलेला नाही. दुकानाकडे निघताना त्या रांगोळीला वळसा घालूनच आम्ही सारे पायरी उतरतो.

गेल्या वर्षी फाल्गुनात वीजवाहिनी जमिनीखालून नेण्याचे काम आमच्या पेठेत आले. खांबांवरचे तारांचे जाळे जाणार, पहिल्या वळवाच्या सरीला वीज जाणे थांबणार, म्हणून आम्ही आनंदलोच होतो. एका सकाळी जेसीबी आला आणि दुपारपर्यंत आमच्या बाजूच्या घरांपुढे पाऊण मीटर खोल चर पडला. केबल अंथरली, तिच्यावर वाळू पसरली, विटा मांडल्या आणि निघालेली माती पुन्हा आत लोटली. आमच्या फरशीचे तुकडे राडारोड्याबरोबर ट्रॅक्टरमधून कुठे गेले ते कळले नाही.

मुकादमाला विचारले, तर तो आदबीनेच म्हणाला, "काका, आमचं काम चर बुजवण्यापर्यंत. वरचं नगरपालिका बघते, त्याचे पैसे आधीच भरलेत." नगरपालिकेत सांगण्यात आले की, खोदाईचे शुल्क घेतले आहे ते डांबरी रस्ता पूर्ववत करण्यासाठी, फरशी आमच्या नोंदीत नाही. वीज कंपनीच्या कार्यालयाने ठेकेदाराचा दूरध्वनी क्रमांक लिहून दिला. तो अर्थातच त्या मुकादमाचा होता. तिघांपैकी कोणी खोटे बोलत होते असे मला आजही वाटत नाही. प्रत्येकाच्या कागदावर त्याचे काम पुरे झालेले होते आणि आमचे दार त्यांपैकी एकाही कागदावर नव्हते.

आमच्या नेहमीच्या गवंड्याने खर्चाचा अंदाज अकरा हजार चारशे रुपये सांगितला. पण घाई करू नका, असेही बजावले. माती थराथराने घालून, पाणी मारून, धुम्मस केलेली नव्हती. पाऊस पडला की ती बसणार, आणि वरची फरशी खचणार.

शेजारच्या काकूंना हे सांगायचे माझ्याकडून राहून गेले. त्या एकट्या राहतात. निवृत्तिवेतनावर घर चालते. कुणाच्या दारी जाऊन मागणे त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी चैत्रातच पदरचे चार हजार रुपये घालून आपल्या दारापुढची फरशी बसवून घेतली. मृगाच्या दुसऱ्या पावसात ती मधोमध खचली आणि रस्त्याचे पाणी उंबऱ्याशी येऊन थांबू लागले. सकाळी सुपलीने पाणी उपसणाऱ्या काकूंना पाहिले, तेव्हा मला माझ्या वाट पाहण्यातल्या शहाणपणाची लाज वाटली.

त्याच आठवड्यात वकिली करणाऱ्या भाच्याने मला वीज कायदा, २००३ यातील कलम ६७ दाखवले. वीज परवानाधारकाने रस्ता वा जमीन खोदताना शक्य तितके कमी नुकसान करावे, आणि त्याने किंवा त्याने नेमलेल्या माणसांनी केलेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. भरपाईबद्दल वाद झाला तर तो वीज नियामक आयोगाने ठरवायचा. हे तत्त्व नवेही नाही. १८८५ च्या तार कायद्यातही तारा टाकताना झालेल्या नुकसानीच्या भरपाईची तरतूद होती. म्हणजे ठेकेदार कोणीही असो, उत्तरदायी कंपनीच. (२०२३ साली केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे अ‍ॅप आणले. खोदणाऱ्याने जमिनीखालच्या वाहिन्यांच्या मालकांना आधी कळवावे, हा त्याचा हेतू. खाली कोणाची केबल आहे याची चौकशी होते; वर कोणाची फरशी आहे याची मात्र नाही.)

अर्ज लिहायला बसलो, तर भाचा म्हणाला, "मामा, आधी जागेचा उतारा काढा." उतारा आणि नकाशा काढला आणि मी गप्पच झालो. चार फुटांपैकी अडीच फूट आमची. उरलेली दीड फूट रस्त्याची. वडिलांनी नगरपालिकेच्या जागेवर फरशी घातली होती, आणि इतकी वर्षे आम्ही तिला आपली म्हणत आलो होतो. भाच्याच्या मते नुकसान ते नुकसान, पूर्ण रक्कम मागावी. माझा हात धजावला नाही. अडीच फुटांचे सात हजार एकशे पंचवीस रुपये मागितले, सोबत खोदाईआधीचे छायाचित्र, गवंड्याचा अंदाज आणि उतारा जोडला, आणि पोच घेतली. आईला मात्र हे पटले नाही. "दीड फूट त्यांची, तर इतकी वर्षं धुतली कोणी?" तिच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

दोन स्मरणपत्रांनंतर भाद्रपदात धनादेश आला. उरलेले चार हजार दोनशे पंचाहत्तर आम्ही घातले आणि दसऱ्याआधी फरशी बसली.

काकूंचे काम अवघड होते. त्यांनी दुरुस्ती केली त्याची पावती नव्हती, आणि मूळची फरशी होती याचा पुरावाही नव्हता. शेवटी मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये एक छायाचित्र सापडले. नवरी माप ओलांडून नव्हे, तर सासरी निघताना गाडीपाशी उभी आहे, डोळ्यांना पदर लावलेल्या काकू शेजारी, आणि दोघींच्या पायांखाली सलग, कोरडी शहाबादी फरशी. त्याची प्रत काढून अर्जाला जोडली. अल्बममधले मूळ चित्र द्यायला काकू तयार नव्हत्या, आणि ते मी मागितलेही नाही.

त्या अर्जाची पोच माझ्या दुकानाच्या गल्ल्यात आहे. पहिले स्मरणपत्र गेले आहे. दुसरे सोमवारी मी स्वतः नेऊन देणार आहे. तोवर आईने आपली रांगोळी थोडी डावीकडे, काकूंच्या दाराच्या बाजूला सरकवली आहे.