पेन खाली ठेवायची दोन मिनिटं

दहावीच्या मराठी कुमारभारतीचा पेपर 80 गुणांचा, वेळ 3 तास. एका गुणाच्या वाट्याला सव्वादोन मिनिटं येतात, म्हणजे 4 गुणांच्या रसग्रहणाला 9 मिनिटं. आंधळगावच्या माझ्या वर्गात हा हिशेब मी सुरुवातीलाच फळ्यावर मांडतो आणि सांगतो, यातली पहिली दोन मिनिटं पेन बाकावर ठेवायचं.

पूर्वी मी असं शिकवत नसे. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन परिच्छेद प्रत्येक कवितेवर लिहून द्यायचो आणि मुलं ते पाठ करायची. एका सराव परीक्षेचा गठ्ठा तपासताना लक्षात आलं, पंक्ती नामदेवांच्या असोत की नीरजांच्या, सगळ्यांच्या मते भाषा 'साधी, सोपी व ओघवती'. मुलं चुकली नव्हती. मी दिलेलंच माझ्याकडे परत आलं होतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर नारायण सुर्वे यांची 'दोन दिवस' ही कविता घेतली. हात हेच सर्वस्व असलेला कामगार सांगतो, की ते हात दारिद्र्याकडे गहाणच राहिले. मी काहीच समजावलं नाही. दोनदा वाचा, अडेल त्या एका शब्दाखाली पेन्सिलनं रेघ मारा, एवढंच म्हणालो. कोसा विणणाऱ्या घरातली एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, "सर, गहान ठेवलेलं सोडवता येते ना जी?"

वर्ग शांत झाला. इतकी वर्षं मी या ओळींवर 'गरिबीचे विदारक चित्रण' असं लिहून देत आलो होतो. विकलेलं परत येत नाही. गहाण टाकलेलं सोडवून आणता येतं. तरीही हे हात तसेच राहिले. सोडवता येण्यासारखे असून सोडवायचे राहून गेले, कवितेतलं दुःख तिथं आहे. मुलीसाठी हा शब्द पुस्तकातला नव्हता, घरातला होता. तिच्या वहीत तो 'गहान' असाच लिहिलेला होता, कारण आमच्या झाडीबोलीत ण नाही. त्यावर लाल रेघ मारायला गेलेला हात मी आवरला. ण आणि न यांचा तास वेगळा घेता येतो. त्या क्षणी तो घेतला असता तर तिनं पुन्हा तोंड उघडलं नसतं.

आता सराव असाच होतो. दोन मिनिटं वाचन आणि एक शब्द. मग सहा मिनिटं लेखन: हाच शब्द का, दुसरा असता तर काय हरवलं असतं. तीन मुद्दे त्यातूनच निघतात, कारण एका 'गहाण'मध्ये आशय आहे, प्रतिमा आहे आणि व्यवहारातली भाषाही आहे. उरलेल्या एका मिनिटात लिहिलेलं परत वाचायचं. पहिले काही आठवडे मुलं घाबरतात, शेजारचा लिहायला लागला की यांचा जीव वरखाली होतो. मुलं हळू लिहितात म्हणून वेळ पुरत नाही, असं मला आता वाटत नाही. काय म्हणायचंय ते ठरलेलं नसतं, म्हणून पुरत नाही.

माझ्या शिक्षक मित्रांना एकच विनंती आहे. परीक्षा जवळ आली की तयार रसग्रहणांच्या झेरॉक्स वाटू नका. त्या तासाला एक कविता द्या, घड्याळ लावा आणि पहिली दोन मिनिटं तुम्हीही काही बोलू नका.