एक जोते, दोन चुली

कृषी खात्यात नोकरी करून मला आता तीस वर्षे होत आली. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. होऊन बाहेर पडलो, तेव्हापासून आंब्याच्या कलमाला खड्डा किती घ्यावा, नारळाच्या दोन माडांत अंतर किती ठेवावे, हे मी शेकडो वेळा सांगितले असेल. पण "साहेब, घराचे जोते किती उंच घेऊ?" असे मला कोणी विचारले नव्हते, आणि विचारले असते तरी मी गवंड्याकडे बोट दाखवले असते. आमचे स्वतःचे घर नव्याने उभे करायची वेळ आली तेव्हा हे सगळे शिकावे लागले. त्यातले जे इतरांच्या उपयोगी पडेल ते सांगावे, म्हणून हा लेख.

आमचे गाव दापोली तालुक्यात, समुद्राच्या काठाला. भरतीच्या रेषेपासून आमचे अंगण फार तर दीडशे मीटर. आजोबांच्या वेळचे चिऱ्याचे, मातीच्या दर्जाचे, कौलारू घर होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला येऊन धडकले. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात त्याने काय केले ते तिथल्या लोकांना विचारा. आई, दादा आणि वहिनी शेजारच्या पक्क्या घरात गेले म्हणून बचावले. मी तेव्हा घाटावर नोकरीला. फोन बंद, रस्त्यावर झाडे आडवी. घरी पोचायला मला पाचवा दिवस उजाडला.

आमच्या दोनशे पोफळींपैकी जेमतेम तीस उभ्या होत्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला सहा-सात वर्षे जातात. त्यामुळे बाग गेली म्हणजे एका वर्षाचे पीक गेले असे नसते, निम्मी पिढी जाते. घराचे म्हणाल तर अर्धे छप्पर बागेत पडले होते, आणि उघड्या भिंतींवर पावसाचा मारा बसून पश्चिमेचा कोपरा ढासळला होता.

ते दोन पावसाळे दादाने पत्रे आणि ताडपत्री टाकून काढले. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर गेले, तेव्हा तेही पत्रे हलले. आईने मग अंथरूण गोठ्याच्या माळ्याखाली हलवले. तिचे वय तेव्हा ब्याऐंशी. "गुरांना चालते ते मला चालेल," असे ती हसून म्हणाली. पण ते ऐकून दादाला दोन दिवस जेवण गेले नाही.

आता खरी अडचण सांगतो. आम्हा दोघा भावांच्या मनात निराळेच होते. दादा शेतीवर, मी नोकरीवर. निवृत्तीनंतर मी गावी येणार. दादाचा मुलगा मुंबईला नोकरी करतो, त्याचे लग्न व्हायचे. तेव्हा या निमित्ताने दोन लहान घरे बांधावीत, एक दादाचे, एक माझे, म्हणजे पुढे कुरबूर नको, असे दोघांनाही वाटत होते. तोंडाने कोणी बोलत नव्हते, एवढेच.

तो प्रश्न कागदाने सोडवला. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या जमिनीला किनारा नियमनाचे नियम लागू होतात. हे नियम १९९१ साली आले, २०११ आणि २०१९ साली त्यांत बदल झाले. आमच्या वाडीसारख्या ग्रामीण भागात पहिल्या २०० मीटरमध्ये नवे घर बांधता येत नाही. अधिकृत जुने घर असेल तर दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जोत्याचे जुने क्षेत्रफळ ओलांडता येत नाही. म्हणजे दुसरे घर नाही. जोते एकच, तेही आजोबांनी घातले तेवढेच. किनाऱ्यालगत ज्यांचे घर पडायला आले आहे त्यांनी ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा आणि घरपट्टीच्या जुन्या पावत्या जपून ठेवाव्यात. घर पूर्वीपासून होते याचा पुरावा तोच. आणि परवानगी हातात येईपर्यंत जुने जोते उकरू नये.

कागदांना दीड वर्ष गेले. जमीन सामाईक, सातबाऱ्यावर नावे बरीच. दोघे चुलत भाऊ मुंबईला, त्यांनी संमती दिली. राहिली आमची बहीण. तिचाही हिस्सा आहे, तेव्हा तिच्या सहीशिवाय पुढे जायचे नाही असे आम्ही ठरवले होते. ती आली, कागद वाचला आणि म्हणाली, "सही करते. पण गणपतीला आले की मला पाहुण्यासारखे ओटीवर बसवू नका. माझी म्हणून एक खोली ठेवा." तिच्या या मागणीने घराच्या नकाशात पहिली रेघ पडली.

दुसरी रेघ वहिनीने ओढली. दोन भावांचे संसार एका छपराखाली कसे राहणार यावर आम्ही ओटीवर बसून बोलत होतो. वहिनी आतून सूप घेऊन आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "चुली दोन घाला. खळे मात्र एकच ठेवा." शेतकऱ्याच्या घराचे मर्म तिने दोन वाक्यांत सांगितले. चूल वेगळी असली की सुनांचे बरे चालते. खळे वेगळे झाले तर शेतीच दुभंगते. भात, कोकम, आमसुले, सुपारी सगळे तिथेच वाळते. सुपारीला तर महिना-दीड महिना ऊन लागते, आणि अवचित पाऊस आला तर राशी उचलायला दोन घरांची माणसे लागतात.

नकाशा काढणारा मुलगा तरुण आणि शहाणा होता. त्याने आधी घर न काढता आमच्या कामांची यादी मागितली. त्याप्रमाणे मधे ओटी आणि माजघर, दोन्ही अंगांना एकेक स्वयंपाकघर, उत्तरेला आंब्याची आढी घालण्यासाठी खेळत्या हवेची खोली, मागे न्हाणी आणि बहिणीची खोली. आईने फक्त एवढेच मागितले, की तिच्या खाटेवरून पाणंद दिसावी. कोण आले-गेले ते तिला कळले पाहिजे.

छपरावरून वाद झाला. पुतण्याला स्लॅब हवा होता. "काका, वादळात स्लॅब उडत नाही," हा त्याचा मुद्दा खोटा नव्हता. पण समुद्राची खारी हवा काँक्रीटमध्ये शिरते, आतली सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. शिवाय आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. दोन-तीन पावसाळ्यांत स्लॅब गळू लागतो आणि त्यावर पत्र्याची शेड चढते. म्हणजे छप्पर दोनदा बांधायचे. शेवटी असे ठरले, की छप्पर कौलांचेच, पण जुने का उडाले ते आधी शोधायचे.

ते शोधायला आम्ही पडलेले वासे पाहिले. जुन्या घराचे पडवीचे वासे मुख्य छपराशी एकजीव होते. वारा पडवीखाली शिरला, त्याने पडवी उचलली आणि तिने मुख्य छप्पर ओढून नेले. म्हणून नव्या घरात पडवीचे छप्पर वेगळे टेकवले. गेलेच तर ते एकटे जाईल. मुख्य छप्पर चौपाखी केले, कारण उभ्या त्रिकोणी भिंतीवर वारा जसा थडकतो तसा चौपाखीवर थडकत नाही. वळचणीच्या आणि आढ्याजवळच्या ओळींतील कौले तारेने रिपांना बांधली. मंगळुरी कौलाला त्यासाठी जागा असते, पण घाईत ती कोणी वापरत नाही. तार साधी घेऊ नका, दोन वर्षांत गंजून तुटते. जस्ताचा मुलामा दिलेली किंवा तांब्याची घ्या. खिळ्यांचेही तेच.

काम सुरू झाले ते २०२२ च्या तुळशीच्या लग्नानंतर. आमच्या भागात बांधकामाचा हंगाम म्हणजे तिथपासून मृगापर्यंत. भिंत राहिली तर राहू दे, पण पावसाआधी छप्पर चढलेच पाहिजे. मी दर शनिवारी संध्याकाळी एस.टी.ने गावी जायचो आणि सोमवारी पहाटे परतायचो. मधले दिवस दादा उभा.

जमीन पुळणीची, म्हणून पाया घट्ट थर लागेपर्यंत खणला आणि जोत्यापर्यंत काळा दगड घातला. चिरा जमिनीतली ओल ओढतो, त्याला मातीशी लावू नये. जोत्याच्या वर भिंती चिऱ्याच्या. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेवर कठीण होत जातो. ब्यूकॅनन नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकराने केरळातला हा दगड पाहून १८०७ साली त्याला विटेवरून 'लॅटेराइट' नाव दिले, कारण लोक तो विटेसारखा कापून वापरत होते. चिरा आणून काही महिने उघड्यावर ठेवावा आणि मग लावावा. हातोडीने वाजवून पाहावा. ठणठणीत आवाज येतो तो घ्यावा. पिवळ्या मातीचे ठसठशीत डाग असलेला परत पाठवावा. बाहेरून गिलावा केला नाही, पण पश्चिमेकडून दर्जा नीट भरून घेतला आणि वळचण तीन फूट पुढे काढली.

जोत्यावर, दारा-खिडक्यांवर आणि भिंतीच्या माथ्यावर असे काँक्रीटचे तीन पट्टे घराभोवती फिरवले. माथ्याच्या पट्ट्यातून बोल्ट वर काढून छपराची लाकडे त्यांना जखडली. समुद्राजवळ सळईवर काँक्रीटचे आच्छादन किमान ४५ मिलिमीटर हवे, म्हणजे पावणेदोन इंच. सळई फळीला टेकता कामा नये. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला पाणी साडेबावीस लिटरच्या वर नको. मजुरांना पातळ माल ओतायला सोपा जातो, म्हणून बादली मोजायला घरचेच माणूस बसवावे. आमच्याकडे वहिनी बसली. आणि पाणी गोडे हवे. आमची विहीर एप्रिलपासून मचूळ होते, म्हणून वरच्या वाडीतून टँकर आणला. किनाऱ्यावरची वाळू तर फुकट मिळाली तरी घेऊ नये. त्यातले मीठ सळई खाते, शिवाय ती उपसणे बेकायदा आहे.

माझ्या पेशातले दोन शब्द. पश्चिमेला वाऱ्याची आड म्हणून उंडी आणि करंजाच्या दोन ओळी लावल्या. सुरू लवकर वाढतो, पण उंडी खारे वारे सोसते, खोल रुजते आणि तिच्या बियांचे तेल निघते. माड घरापासून त्याच्या उंचीइतका दूर ठेवला. पन्हाळीचे पाणी टाकीत घेतले. शंभर चौरस मीटर छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरची टाकी भरून वाहते आणि उरलेले विहिरीशेजारच्या खड्ड्यात जिरते.

खर्च बावीस लाखांपर्यंत गेला. त्यात माझ्या भविष्य निर्वाह निधीचे पैसे जास्त. जानेवारीत एका रविवारी दादा म्हणाला, "तुझे पैसे जास्त, तेव्हा घर तुझ्या नावावर कर. आम्ही राहू." तो रागाने बोलला नव्हता, म्हणून ते अधिक लागले. मी हिशेबाची वही उघडली आणि खर्चाच्या पानासमोर दादाची हजेरी मांडली. तुळशीच्या लग्नापासूनचा एकेक दिवस, गवंड्याच्या दराने. त्याखाली वहिनीची. त्याखाली बागेतल्या पडलेल्या फणसाचे आणि जुन्या तुळयांचे लाकूड, बाजारभावाने. बेरीज केली तर माझ्या आणि त्याच्या आकड्यांत फारसा फरक उरला नाही. दादाने चष्मा लावून ते पान दोनदा वाचले. "रविवारी मी अर्धाच दिवस असतो, ते दुरुस्त कर," एवढेच म्हणाला. नावाचा विषय पुन्हा निघाला नाही.

भावाभावांत घर बांधणाऱ्यांना माझे सांगणे आहे, की नोटांचा हिशेब सगळेच ठेवतात, अंगमेहनतीचाही ठेवा. पुढची भांडणे त्या कोऱ्या पानातून उगवतात.

२०२३ च्या मे अखेर शेवटची कौले चढली आणि आईची खाट खिडकीशी लागली. पहिल्या मोठ्या पावसात रात्री दादा आणि मी विजेऱ्या घेऊन घरभर फिरलो. एका कौलातून ठिबक होती. सकाळी ते बदलले. वहिनीची चूल धुरावली आणि माझ्या सौभाग्यवतीचा गॅस पेटला, पण पहिला चहा दोघींनी एकाच कपातून अर्धा अर्धा घेतला असे आईने खिडकीतून मला सांगितले.

ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर आता तीन नावे आहेत. दादाचे, माझे आणि बहिणीचे.