शिकागोत रात्री बारापर्यंत

घरात क्रिकेट लागलं की मी उठून स्वयंपाकघरात जाणारी बाई. त्यामुळे मिलवॉकीला लेकीकडे असताना ती म्हणाली, "आई, शनिवारी बेसबॉल बघायला शिकागोला जायचं, आपण दोघीच," तेव्हा मी नातवाचं निमित्त पुढे केलं. "त्याला बाबा आहे ना त्याचा!" लेक म्हणाली. अंतर दीडशे किलोमीटर. मिलवॉकीचा संघ तिथे पाहुणा म्हणून खेळणार होता आणि आमची लेक त्या संघाची भक्त.

रिगली फील्ड हे मैदान १९१४ सालचं, तेही भर वस्तीत! भिंतींवर हिरवे वेल, आणि धावफलकावरचे आकडे अजून माणसं हातानं बदलतात. गंमत म्हणजे इथे १९८८ पर्यंत रात्रीचे दिवेच नव्हते. रात्री गोंगाट नको म्हणून शेजाऱ्यांचा दिव्यांना विरोध होता. मला ते शेजारी अगदी आपल्यातले वाटले. मीही लेकीला सातच्या आत घरात बोलावणारी!

खेळ मला निम्मा कळला. पण दाण्याच्या शेंगा कळल्या. सगळे शेंगा फोडतात आणि टरफलं खुशाल पायाशी टाकतात. आधी माझा हात धजेना, मग धजला. सातव्या डावाच्या मध्यावर सारं मैदान उभं राहून गाणं म्हणतं, त्यातही शेंगा आहेतच.

शिकागोचा हॉट डॉग मात्र बघण्यासारखा. खसखस लावलेला मऊ पाव, पिवळी मोहरी, कांदा, गोडसर हिरवं लोणचं, टोमॅटोच्या फोडी, आंबवलेल्या काकडीची लांब फोड, तिखट मिरच्या आणि वर सेलरीचं मीठ. मी सॉसेज काढून बाकी सगळं घेतलं, छान लागलं. केचप तेवढा मागू नका, तिथली माणसं नाक मुरडतात.

मिलवॉकी हरली. लेकीचं तोंड उतरलं, म्हणून पिझ्झा खायला गेलो. खोल तव्यात कडेपर्यंत पीठ चढवायचं, त्यात आधी चीज, मग भाज्या, आणि टोमॅटो सगळ्यात वर. उलटं का? तर हा पाऊण तास भट्टीत राहतो, चीज वर असतं तर करपलं असतं. बसल्याबसल्या मागणी द्या आणि लहानच मागवा. दोन तुकड्यांत पोट भरतं, बरं का.

हा प्रकार शिकागोत १९४३ साली सुरू झाला. त्याच साली मिसिसिपीतून मडी वॉटर्स हा कृष्णवर्णीय गायक कामधंद्यासाठी इथे आला. शेतातली दुःखाची गाणी, ज्यांना ब्लूज म्हणतात, ती त्यानं विजेच्या गिटारवर चढवली. ती ऐकायला आम्ही रात्री हॉलस्टेड रस्त्यावर गेलो. दारावरच्या माणसानं माझे पिकलेले केस बघूनही वयाचा पुरावा मागितला! पासपोर्ट जवळ ठेवा.

आत अंधार, गर्दी. एक बाई गात होत्या. शब्द कळत नव्हते, पण जात्यावरच्या ओवीसारखा तोच आवंढा. मध्यंतरात लेक एकदम म्हणाली, "कॉलेजच्या नाटकातून मला का काढलंस ग?"

तालमी रात्री असत. तेव्हा मी सांगितलं होतं, "बाबांना चालणार नाही."

"बाबांना मी विचारलंच नव्हतं," मी म्हणाले. "भीती माझीच होती."

ती काही बोलली नाही. गाणं पुन्हा सुरू झालं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, अंधारात तेवढं बरं.

साडेबाराला रेड लाइनची गाडी धरली, ती रात्रभर चालते. आपल्याकडे तेव्हा सकाळचे अकरा. यांचा फोन आला, "अजून बाहेरच?" लेकीनं माझ्या हातून फोन घेतला. "बाबा, मी आहे ना तिच्याबरोबर."

मग तिनं पर्समधून उरलेल्या शेंगांची पुडी काढून माझ्यापुढे धरली. गाडीत टरफलं कुठे टाकायची? मी मांडीवर रुमाल पसरला.