गल्फच्या विमानातली सीट

आमच्या तालुक्यात विमानतळ नाही, पण विमानाशी नातं नसलेलं घर शोधून सापडणार नाही. कुणाचे अब्बा कुवेतला, कुणाचा मामू दोहाला, कुणाचा भाऊ दुबईत ड्रायव्हर. मी ज्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, तिथली पाचवीतली मुलंसुद्धा ‘तीस किलो’ म्हणजे काय ते सांगतात. सामान किती न्यायचं, खोक्याला दोरी कशी बांधायची, त्यावर नाव कसं रंगवायचं, हे आमच्याकडे लहानपणीच शिकवलं जातं. विमानात बसायला कसं वाटतं, हे मात्र कुणी कुणाला विचारत नाही. गल्फचं विमान म्हणजे एस.टी. धरली, पोहोचलो. त्यात विचारायचं काय?

म्हणून एअर इंडियाच्या नव्या विमानांच्या बातम्या मी जरा वेगळ्या नजरेनं वाचते. २७ जानेवारी २०२२ रोजी ही कंपनी सरकारकडून पुन्हा टाटांकडे गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने एकदम ४७० विमानांची मागणी जाहीर केली: एअरबसची २५०, बोइंगची २२०. जुन्या विमानांच्या सीट, पडदे, गालिचे सगळं बदलायचं ठरलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा तिच्यात विलीन झाली. वर्तमानपत्रांत चकचकीत फोटो आले. मी प्रत्येक फोटो बघून एकच प्रश्न विचारत होते, यातलं कोणतं विमान आमच्या माणसांना मिळणार?

हा प्रश्न हेव्यातून आलेला नाही. त्याला इतिहास आहे.

आमच्या आजोबांची पिढी बोटीनं गेली. ब्रिटिश इंडिया कंपनीची ‘द्वारका’ मुंबईहून कराचीमार्गे आखातातल्या बंदरांना जायची. बहुतेक उतारू डेकवरच झोपायचे. १९८२ मध्ये तीही बंद झाली. तोवर विमानांचा जमाना आला होता. १९७१ मध्ये एअर इंडियानं पहिलं बोइंग ७४७ घेतलं, नाव ‘एम्परर अशोक’. खिडक्यांभोवती राजस्थानी झरोक्यांची नक्षी, वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गासाठी दिवाणखाना. आकाशातला महाल, अशी त्याची जाहिरात होती.

पुढं या महालात आखाताला जाणारी साधी माणसंही बसू लागली. १ जानेवारी १९७८ च्या रात्री हेच ‘एम्परर अशोक’ मुंबईहून दुबईला निघालं आणि उड्डाणानंतर काही मिनिटांत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. विमानाचा कल दाखवणारं एक उपकरण बिघडलं, अंधारात वैमानिकाचा अंदाज चुकला आणि २१३ माणसं गेली. आमच्याकडची जुनी माणसं अजून कुणाला विमानतळावर सोडताना आयतुल कुर्सी पढून फुंकर घालतात. १२ जून २०२५ ला अहमदाबादेत लंडनला निघालेलं ड्रीमलायनर पडलं, विमानातले २४१ जण गेले, त्या संध्याकाळी आमच्या मोहल्ल्यात बऱ्याच घरांतून गल्फला फोन गेले. लंडनशी आमचा काही संबंध नव्हता. तरी गेले. सीट किती रुंद, पडदा किती मोठा, हे सगळं त्यानंतरचं. आधी माणूस सुखरूप उतरला पाहिजे.

माझे अब्बा १९९० मध्ये कुवेतला होते. इराकनं २ ऑगस्टला कुवेत घेतलं तेव्हा मी शाळेत होते. महिनाभर त्यांची खबर नव्हती. शेवटी ते बसनं इराक ओलांडून जॉर्डनला, अम्मानला पोहोचले आणि तिथून एअर इंडियानं मुंबईला आले. त्या दोन महिन्यांत जवळपास पाचशे फेऱ्या करून एक लाखाहून अधिक भारतीयांना कंपनीनं परत आणलं. नागरी विमानांनी केलेली इतकी मोठी सुटका जगात दुसरी नाही म्हणतात. मोठी झाल्यावर मी अब्बांना विचारलं, “विमान कोणतं होतं? मोठं की छोटं?” ते म्हणाले, “बेटा, बसायला जागा होती. एवढंच पाहिलं.”

त्या एका वाक्यामुळे मी एअर इंडियाबद्दल कधी वाईट बोलू शकत नाही. आणि त्याच वाक्याची मला काळजीही वाटते. ‘बसायला जागा आहे ना, बस,’ ही संकटातली कृतज्ञता पुढं आमच्या प्रवासाची कायमची रीत होऊन बसली.

२९ एप्रिल २००५ ला एअर इंडिया एक्सप्रेस सुरू झाली. पहिलं विमान तिरुवनंतपुरमहून अबुधाबीला गेलं. गल्फला जाणाऱ्या कामगारांना, खास करून केरळच्या लोकांना, परवडेल अशा तिकिटात थेट नेणं हा तिचा उद्देश. त्यासाठी निवडलं बोइंग ७३७-८००. एकच वर्ग, १८९ सीट, मधून एकच वाट, दोन्हीकडे तीन-तीन माणसं. आता या विमानाबद्दल एक गंमत सांगते. ७३७ च्या केबिनची रुंदी आणि एअर इंडियानं १९६० मध्ये घेतलेल्या पहिल्या जेट विमानाची, बोइंग ७०७ ची रुंदी एकच आहे. साठ वर्षांत माणसाचे खांदे आणि पोट वाढलं, केबिन तेवढीच राहिली. एका सीटला साधारण १७ इंच मिळतात. एअरबस ए३२० मध्ये १८. एक इंच म्हणजे काय, असं वाटेल. मधल्या सीटवर बसून तीन तास दोन्ही कोपर पोटाशी धरणाऱ्याला विचारा.

उलट बाजूला काय आहे? जानेवारी २०२४ मध्ये एअर इंडियानं ए३५० सुरू केलं, तेव्हा वैमानिक आणि कर्मचाऱ्यांचा हात बसावा म्हणून ते काही दिवस देशातल्या देशात उडत होतं. त्या काळात एका लग्नासाठी मुंबईहून बंगळुरूला जाताना मला योगायोगानं ते मिळालं. एकूण ३१६ सीट: २८ बिझनेस, २४ प्रीमियम इकॉनॉमी, २६४ इकॉनॉमी. मी अर्थातच शेवटच्या २६४ मधली. तरी प्रत्येकासमोर पडदा, गुडघ्यांना जागा, आवाज कमी. ही नवी विमानं कार्बन तंतूंच्या साहित्याची असल्यानं आतला हवेचा दाब जास्त ठेवता येतो. जुन्या विमानात माणूस जवळपास आठ हजार फूट उंचीवर बसल्यासारखा असतो, यात सहा हजारांवर. आपलं कळसूबाई साधारण ५४०० फूट. म्हणजे एका विमानात तुम्ही कळसूबाईच्या थोडं वर बसता, दुसऱ्यात तिच्या दीडपट उंचीवर. उतरल्यावर डोकं का धरलेलं असतं, घसा का सुकतो, याचं बरंचसं उत्तर इथं आहे.

ते विमान पावणेदोन तासांत उतरलं. पडद्यावरचा सिनेमा अर्धाच राहिला. मला माझा भाऊ आठवत होता. तो दोन वर्षांतून एकदा येतो, त्याला ना पडदा, ना कळसूबाई.

खरं सांगायचं तर गल्फला ए३५० मिळालंच नाही असं नाही. त्याचा पहिला परदेशी मार्ग दुबईच होता, १ मे २०२४ पासून, दिल्लीहून. वाचून आनंद झाला. पण मग सप्टेंबरात लंडन आलं, नोव्हेंबरात न्यूयॉर्क. जिथं जायचं होतं तिथं ते गेलं. दुबई ही तालीम होती.

यात कंपनीची दुष्टाई शोधायची मला घाई नाही. तीन तासांच्या प्रवासाला मोठं विमान लागत नाही. छोटं विमान लवकर भरतं, लवकर वळतं, तिकीट स्वस्त ठेवतं. शिवाय विमानं मोजकीच असतात, एकीकडे लावलं की दुसरीकडे कमी पडतं. याचं ताजं उदाहरण म्हणजे दिल्ली-वॉशिंग्टन. जुनी ड्रीमलायनर सीट बदलायला पाठवल्यानं विमानं कमी पडली, त्यात पाकिस्ताननं हवाई हद्द बंद केल्यानं रस्ता लांबला, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून तो मार्गच थांबवला. सीट सुधारायला गेलं की मार्ग जातो, मार्ग वाढवायला गेलं की सीट राहते. संसारासारखंच आहे. एक भांडं घासायला टाकलं की दुसऱ्यात शिजवावं लागतं.

पण आधी कुणाच्या ताटात वाढायचं, हे कोण ठरवतं? माझ्या मते ते पर्याय ठरवतो. दिल्लीहून न्यूयॉर्कला जाणाऱ्यासमोर दुबई आहे, दोहा आहे, युरोपातल्या कंपन्या आहेत. तो रुसला तर जातो. म्हणून त्याची सीट आधी बदलते. आमचा माणूस रुसून कुठं जाणार? सुट्टी मालक देईल तेव्हा, तिकीट एजंट काढील ते, ईदच्या तोंडावर भाडं असेल तेवढं. मागं एका कंपनीच्या विमानाला सात तास उशीर झाला, माझा भाऊ फरशीवर चादर टाकून झोपला आणि सकाळी मला म्हणाला, “काही नाही, आलं ना शेवटी!” हजच्या बाबतीतही आपण हेच पाहिलंय. मुंबई-जेद्दा बोट १९९५ मध्ये थांबली. सबसिडीचे टोमणे हाजींनी ऐकले, पण ते पैसे त्यांच्या हातात कधी पडले नाहीत, विमानाच्या तिकिटात गेले. आणि कमिटीमार्फत जाणाऱ्याला कंपनी निवडायची मुभा नव्हती. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती सबसिडी टप्प्याटप्प्यानं संपवायला सांगितली, २०१८ मध्ये ती संपली. पर्याय नसलेला प्रवासी कंपनीला हवाच असतो, पण त्याची मर्जी राखायची गरज कुणालाच वाटत नाही.

इथं केरळकडं पाहायला हवं. त्यांची माणसंही त्याच ७३७ मध्ये, त्याच १७ इंचांत बसतात. पण कोळिकोडचा माणूस घरून निघतो आणि तासा-दोन तासांत विमानतळावर असतो. आज केरळात चार आंतरराष्ट्रीय विमानतळ आहेत: तिरुवनंतपुरम, कोची, कोळिकोड आणि २०१८ पासून कण्णूर. कोचीचा विमानतळ १९९९ मध्ये सुरू झाला तो हजारो अनिवासी मल्याळी लोकांनी पैसे घालून. गल्फमध्ये राबणाऱ्यांनी नुसते बंगले बांधले नाहीत, धावपट्टी बांधली. मग कंपन्या त्यांच्या दारात आल्या.

आणि आपण? दापोली-मंडणगडचा माणूस आदल्या रात्री निघतो. २०११ पासून रुंद होत असलेल्या महामार्गाचे खड्डे खातो, पनवेल गाठतो, मग मुंबईची गर्दी ओलांडून सहारला जातो. घर ते विमान हा प्रवास विमानाच्या प्रवासाच्या दुप्पट-तिप्पट. रत्नागिरीत धावपट्टी आहे, ती तटरक्षक दलाकडे. नागरी टर्मिनल अजून बांधलं जातंय. सिंधुदुर्गात चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, मुंबईचं छोटं विमान आलं आणि सरकारी योजनेची तीन वर्षांची मुदत संपली तसं बंद पडलं. म्हणून मी म्हणते, आरामाचा हिशेब सीटपासून मांडू नका, घराच्या उंबऱ्यापासून मांडा. तसा मांडला तर केरळच्या माणसाची १७ इंचांची सीट आपल्या सीटपेक्षा रुंद आहे.

रत्नागिरीहून थेट दुबईचं विमान मागा, असं मी म्हणत नाही. रोज तेवढी माणसं आपल्याकडे नाहीत, हे आधी कबूल करू या. पण नवी मुंबईचा विमानतळ आता उभा आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. तो उलव्याला, पनवेलच्या बाजूला आहे. म्हणजे मुंबईची खाडी ओलांडण्याआधी. कोकणातल्या माणसासाठी यापेक्षा सोयीची जागा दुसरी नव्हती. तिथून आखाताला कोणत्या कंपन्या, कोणत्या वेळी उडणार, खेड-महाड-माणगावहून तिथं थेट एस.टी. जाणार का, हे या काही वर्षांत ठरेल. एकदा ठरलं की वीस वर्षं तेच चालतं.

आपल्या जमातींच्या सभा होतात. शिष्यवृत्त्या वाटल्या जातात, रुग्णवाहिका घेतल्या जातात, सगळं चांगलंच आहे. एखाद्या सभेत हाही विषय घ्या. कोणत्या तालुक्यातून दर महिन्याला किती माणसं कुवेत, दोहा, दुबई, रियाधला जातात, याची गावोगाव मोजणी आपली मुलंच करू शकतात. माझ्या आठवीच्या वर्गाला सांगितलं तर आठवड्यात आणून देतील. विमान कंपनीला अर्ज-विनंत्यांपेक्षा आकडा लवकर समजतो. अब्बांना १९९० मध्ये बसायला जागा मिळाली, त्याचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण ते संकट होतं. रोजच्या प्रवासात त्यांच्या नातवंडांनी थोडं अधिक मागितलं, तर त्यात नाशुक्री नाही.